शंकेपुरती बुडी

कापसाचा बोळा लाल झाला होता. शिराच्या नखांवरचं पॉलिश त्यात उतरलं होतं, आणि मार्लीन तो अजून मुठीत धरून बसली होती, कारण या स्नानगृहाच्या बाहेरच्या खोलीत सगळं होतं — गुबगुबीत खुर्च्या, देणगीदारांच्या नावांच्या पाट्या — फक्त कचऱ्याची टोपली नव्हती. शुद्धीच्या कुंडात उतरणाऱ्या अंगावर कशाचाही थर नको. नखांवर रंग नको, कानात डूल नको, आणि मागे असली आईही नको बहुधा...

"नुसती औपचारिकता आहे गं, मॉम," शिरा गाडीत म्हणाली होती. "शंका नको म्हणून."

"कोणाची शंका?"

"अकिवाच्या धर्मगुरूची, त्या रब्बायची."

"आणि तुझी?"

शिराने खिडकीची काच खाली केली, मग वर केली.

शंका अशी, की मार्लीन ज्यू आहे की नाही. लेनर्डशी लग्न करण्याआधी ती कॉन्झर्व्हेटिव्ह या मधल्या पंथाच्या रब्बायकडे दोन वर्षं शिकली, परीक्षेला बसली, अशाच कुंडात बुडून ज्यू झाली. होणाऱ्या जावयाच्या, अकिवाच्या, कडव्या ऑर्थोडॉक्स मंडळींच्या लेखी ती नुसती आंघोळ. आई ज्यू नाही, तर पोटची पोरही नाही. तेव्हा लग्नाआधी पोरीला नव्याने ज्यू करून घ्यायचं. झालं. तीन बुड्या, की पोर आत, आई बाहेर.

बोळकांडीत साक्षीला आलेले तिघे रब्बाय उभे होते. एक जण फोनवर पार्किंगवरून हुज्जत घालत होता, दुसरा खाण्याआधीचा मंत्र पुटपुटून बिस्किट खात होता, तिसऱ्याच्या काळ्या कोटावर अंड्याचा डाग होता. हे मला तोलणार! लेनर्डच्या आईचं प्रेत मी धुतलं, या हातांनी, तिचे केस विंचरले, पांढरं वस्त्र चढवलं — तेव्हा यांची शंका कुठे शेण खात होती? आणि लेनर्ड चिनी हॉटेलात धर्माला वर्ज्य असलेली कोळंबी हाणतो, वर्षातून एकदा सिनेगॉगमध्ये जाऊन डुलक्या काढतो, पण तो ज्यू आईच्या पोटचा, म्हणून झोपेतही पक्का ज्यू...

आणि आपली कॉन्झर्व्हेटिव्ह मंडळी तरी कुठे धुतल्या तांदळासारखी? माणसं घटली तशी त्यांनी सिनेगॉगची इमारत व्यायामशाळेला विकली आणि सगळ्यांत सैल पंथाच्या, रिफॉर्मवाल्यांच्या घरात बिऱ्हाड मांडलं. तिथे सपाता घातलेला रब्बाय गिटार वाजवतो आणि दिसेल त्याला मिठी मारतो. तरुण पोरं तिथेही टिकत नाहीत. ती योगवर्गाच्या खोलीत जमतात, आम्ही कुठल्याच पंथाचे नाही म्हणतात, आणि तोही एक पंथच करून बसतात. सगळे एकजात सोंगाडे.

कुंडावरच्या बाई, मिसेस फायगेनबाउम, टॉवेल घेऊन आल्या. "तुम्ही आई ना? गुणी आहे हो पोरगी." मग खालच्या आवाजात, मायेने, "तुम्हालाही पुढेमागे करायचं असेल, तर मंगळवारी मोकळं असतं."

"मी केलंय."

"हो का? कुठे?"

मार्लीनने सांगितलं.

"अच्छा," बाई म्हणाल्या — मूल चंद्रावर जाऊन आलो म्हणालं की आपण म्हणतो तसं — आणि आत गेल्या.

दार लागलं. तिघे दाराशी सरकले. पाणी वाजलं, मग पहिली बुडी विधीला धरून झाल्याचा बाईंचा पुकारा आला, ठणठणीत: "कोशर!"

मार्लीनने हसू तयार ठेवलं होतं, चांगलं बोचरं, तिघांनाही दिसेल असं. पण ते ओठांवर यायच्या आत छातीतलं काहीतरी सैल पडलं... सुटली एकदाची पोर. आता तिला कोणी विचारणार नाही, कुठे, कोणाकडे, कोणत्या पाण्यात. सुटली — कशातून? माझ्यातूनच ना? म्हणजे इतकी वर्षं, दर शुक्रवारी मेणबत्त्या लावताना, या तिघांच्याही आधी, मीच माझी शंका...

"कोशर!"

तिने रब्बायांकडे पाहिलं. बिस्किटवाला डोळे मिटून उभा होता. त्याचा राग यावा म्हणून ती त्याच्याकडे बघत राहिली, पण राग येईना. तिसऱ्यांदाही बाईंनी तेच म्हणावं, असं तिला अगदी मनापासून वाटलं, आणि स्वतःची किळस आली.