काजळी धुण्यापुरतं पाणी

कांताबाई सकाळपासून दौलतराव देशमुखांच्या माजघराची भिंत कोरड्या कुंच्यानं झाडत होती. काजळीला आधीच पाणी लागलं तर ती मातीत मुरते, मग काही केल्या निघत नाही. आधी झाडायची, मग राख अन् रिठ्याच्या पाण्यानं धुवायची, शेगडी ठेवून भिंत वाळवायची अन् मगच पांढऱ्या मातीचा पोतारा. फुलसावंगीच्या आसपास कुठं घर जळालं की लोक तिलाच बोलवायचे.

१९५९ चा श्रावण होता. चार दिवसांपूर्वी भर दुपारी, माशा हाकलायला गोठ्यात केलेल्या धुराची ठिणगी वाळल्या कुटाराच्या चाऱ्यात उडाली. गोठा जळाला. घर वाचलं, पण धूर आढ्यापासून उंबऱ्यापर्यंत बसला. वरून पावसाची झड. छपराचे कवेलू गळत होते, भिंती ओलसर होत्या, घरभर जळका, आंबूस वास होता. अन् त्याच घरात देशमुखांची सून वीस दिवसांची बाळंतीण. बाळ खोकलं की कांताबाईचा हात भरभर चालायचा.

गावाची विहीर देशमुखांच्या दारापासून वीस पावलांवर होती. तीन वर्षांपूर्वी कांताबाईच्या वस्तीनं बौद्ध धम्म स्वीकारला, घरातले जुने देव गेले. कामापुरतं तिला माजघरात येऊ देत, विहिरीचा नियम मात्र तोच राहिला. घागर दगडावर ठेवायची, दूर बसायचं, कोणी वरून ओतलं तर न्यायचं. आगीच्या दिवशी तो नियम कोणालाच आठवला नाही. तिचा नवरा गोविंदा तासभर विहिरीवर उभा राहून पाणी ओढत होता. दोरानं त्याच्या तळहाताची सालं निघाली. दुसऱ्या दिवशी गावानं विहिरीत गोमूत्र शिंपडलं. गोविंदा अजून हाताला हळद लावून घरी पडून होता.

दुपारी होतं तेवढ्या पाण्यात राखेचा हात फिरवून कांताबाई विहिरीवर आली अन् दगडावर घागर ठेवून दूर बसली. बाया आल्या, पाणी भरून गेल्या. एकीनंही तिच्या घागरीत ओतलं नाही. आत भिंतीवर राखेचे ओघळ वाळत चालले होते.

ती उठून दारात आली. देशमुखांची बायको विमलताई चुलीपाशी होती.

"बाई, मले सोताच्या हातानं पानी भरू द्या. भिंत खराब होऊन राह्यली."

विमलताईंनी ओट्याकडे पाहिलं. ओट्यावरून दौलतराव म्हणाले, "गावाचा रिवाज मी मोडू काय, कांते?"

"आग लागली तवा कोनं मोडला जी?"

"तवाची गोष्ट वेगळी होती."

"मंग भिंत बी आता तुमीच पाहा." तिला राग आला नव्हता. ती नुसती थकली होती. कुंचा झटकून ती घरी गेली.

दौलतरावांनी गडी लावून ओल्या काजळीवरच चुना मारून घेतला. दोन दिवस घर पांढरं दिसलं. आठवड्यात चुन्यातून तपकिरी डाग उमटले, खाली बुरशी धरली. बाळाची छाती घरघरू लागली. महागावचे डॉक्टर म्हणाले, "औषध देतो, पण लेकराला त्या घरात ठेवू नका."

दुसऱ्या दिवशी विमलताई नवऱ्याला न विचारता भर पावसात कांताबाईच्या दारी आल्या. या वस्तीत त्यांचा पाय पहिल्यांदाच पडत होता.

"कांते, चाल. पानी तूच भर. मी तिथं उभी राह्यते."

"अन् काम झालं की मी पुन्हा दूर बसू? आमच्या साऱ्या वस्तीनं भरलं पाह्यजे, बाई. रोज."

"मालक आयकनार नाईत."

"मंग तुमी काहून आल्या?"

"पोरासाठी."

"आमाले बी पोरं हायेत."

विमलताईंच्या पदरातून पाणी ठिबकत होतं. पदर पिळून त्या म्हणाल्या, "गावाचं माह्यानं सांगवत नाई. माहं सांगते. मी तुह्या बाजूनं राहीन."

त्या दोघी विहिरीवर आल्या तशा बाकीच्या बाया घागरी उचलून निघून गेल्या. दौलतराव ओट्यावरून बायकोवर गरजले, "पुन्हा या घरात पाय ठेवू नको!"

"त्या घरात पोराले श्वास घेता येत नाई," विमलताई म्हणाल्या, "मी पाय ठेवून काय करू?"

कांताबाईनं पोहरा सोडला.

नातवाच्या जिवासाठी दौलतराव कामाच्या आड आले नाहीत; चुना खरवडून काढण्यापासून ते पुन्हा सुरू झालं. नऊ दिवस लागले. बाळाचा खोकला उतरला. शेवटची भिंत पोतारून झाली त्या संध्याकाळी दौलतरावांनी बैलगाडी जुंपली अन् विमलताईंना माहेरी धाडून दिलं.

दहाव्या दिवशी सकाळी कांताबाई, विहिरीवर चला म्हणत, वस्तीत दारोदार फिरली. दोघीच निघाल्या, शेजारची सत्यशीला अन् म्हातारी बेबीताई. विहिरीवर गावातले सात-आठ पुरुष उभे होते. देशमुखांचं दार बंद होतं.

"काकू, परत जाऊ," सत्यशीला हळूच म्हणाली. "बाई बी नाईत आता."

कांताबाईच्या खांद्यात नऊ दिवसांचा ठणका होता. कोणाशी भांडायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"आता वाट पाह्यची ताकद नाई राह्यली माह्यात, पोरी," ती म्हणाली, अन् त्या माणसांमधून चालत जाऊन तिनं दोराला हात घातला.