मोहाच्या अंगणातला कुत्रा

शहाऐंशी सालच्या एप्रिलात गिरजाबाई कुत्रा घेऊन आमच्या जनावरांच्या दवाखान्यात आली. मी तिथला ड्रेसर, जनावरांची मलमपट्टी करणारा. कुत्रा पाय फाकवून जोर करत होता आणि लघवीचे दोनच लाल थेंब पडत होते. डॉक्टरांनी नळी घालून लघवी काढली, तर भांड्याच्या तळाशी वाळूसारखी कणी बसली.

"पाणी पाजत नाई काय याले?" मी तिच्यावर खेकसलो. "सुकट बंद कर. भाताची पातळ पेज दे, दिवसभर पाणी दे. धार मोकळी झाली पायजे. पाणी द्याले जमत नाई, तं कुत्रा पाळता काऊन?"

ती काही सांगायला तोंड उघडत होती. मी पुढचं जनावर आत घेतलं.

पंधरा दिवसांनी ढोरांना लस टोचायला मी तिच्या गावात गेलो. तिचा नवरा वामनराव मोहफुलांचा व्यापारी. अंगणभर मोह वाळत पडला होता.

"कुत्रा कसा आहे?" मी विचारलं.

"बरा झालता, भाऊ. तुमी सांगतलं तसंच केलं. मोकळी धार लागली, पन वाळत्या मोहावर. तेच्यासाठीच तं आमच्या मालकानं त्याचं पाणी बंद केलं होतं. मोह नासला मनून कुऱ्हाडीच्या दांड्यानं हाणला. तिथंच मेला."

खुंट्याला नवं पिल्लू बांधलं होतं. जीभ बाहेर, पुढ्यात पालथी वाटी. मी ती सुलटी करायला वाकलो.

"राहू द्या, भाऊ," गिरजाबाई म्हणाली. "एक मारला ना तुमी."