साहेब घसरू नयेत म्हणून

नाक मुरडू नका. कुरुळीच्या टेकडीवरच्या झऱ्याकाठचा मी शेवाळाचा पुंजका बोलतोय. आता जेमतेम बोटभर उरलोय, आणि नाक मुरडायचं असेलच तर ती पाळी माझी आहे.

खाली कारखाने आले, डोंगर फोडले, धुळीनं माझी सगळी भावंडं करपली. या ओल्या कातळाला मी तेवढा चिकटून राहिलो. झरा म्हणजे तरी काय, माझ्या अंगातून ठिबकणारं पाणी. ते प्यायला तिन्हीसांजेला एक खवले मांजर यायचं. माझ्या आडोशाच्या मुंग्या खायचं, पाणी चाटायचं आणि मला नख न लावता निघून जायचं. इतकं सभ्य गिऱ्हाईक मी माणसांत पाहिलं नाही.

मग कॉलेजात शिकवणाऱ्या योगिनी मॅडम आल्या. मला भिंगातून पाहून हरखल्याच. गावच्या समितीला त्या म्हणाल्या, "हे शेवाळ आणि खवले मांजर, दोन्ही इथून नाहीशी होत चाललीत. दोघांनाही वाचवू या."

देणगी देणाऱ्या कंपनीचे साहेब हसले. "मॅडम, फंड एकाच फलकाचा आहे. शेवाळाचा फोटो कोण बघणार?"

"व्हय की," समितीचे लक्ष्मणराव म्हणाले, "शेवाळ काय, आमच्या मोरीत बी हाय."

मोरीत! किळस आली मला. मांजराचा हेवा मात्र वाटला नाही. ज्याचे खवले ओरबाडून विकायचे, त्याचंच गोंडस चित्र रंगवायचं, ही तुमची माया! मला निदान कुणी विकत तरी नाही.

मांजराच्या चित्राचा फलक झऱ्याशीच लागला. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी लक्ष्मणरावांनी माणसं आणली. "घासा रं चांगलं. साहेब घसरायला नगं." तारेचा ब्रश फिरला, वरून ॲसिड ओतलं.

मॅडम धावत आल्या. "अहो, थांबा! पाणी यानंच धरून ठेवलंय!"

"मॅडम, उद्या पावनं येनार हायेत," लक्ष्मणराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फीत कापली, फोटो निघाले. वडापावचे तेलकट कागद आणि रिकाम्या बाटल्या माझ्या अंगावर टाकून पाहुणे गेले. शी!

त्याच तिन्हीसांजेला मांजर आलं. आपल्याच चित्राखाली उभं राहून त्यानं कातळ चाटला. जीभ पोळली तसं झटक्यात मागं सरलं. फटीत उरलेल्या मला एकदा हुंगलं आणि गेलं. ते परत आलं नाही.

मॅडम अजून येतात, आपल्या बाटलीतलं पाणी मला घालतात. त्यांचं भलं होवो. तुम्हा बाकीच्यांना मात्र हात जोडून सांगतो, मला वाचवू नका. फक्त घासू नका.