नरसामावशीची पिवळी

कार्तिकातलं तिरपं, कोवळं ऊन कणसांच्या शेंड्यांवर उतरलं की नरसामावशी जुन्या लुगड्याच्या तांबड्या चिंध्या कमरेला खोचून ज्वारीत शिरायची आणि डोक्याहून उंच ताटांत दिसेनाशी व्हायची. मग दिसायचं ते फक्त ताटांचं हलणं, आणि ऐकू यायची ती तिच्या काचेच्या बांगड्यांची बारीक, मध्येच थबकणारी किणकिण. किणकिण थबकली की समजावं, एक कणीस तिच्या मनास आलं आणि त्याला चिंधी बांधली गेली. शंभर कणसं निरखून ती एखादं निवडायची. चिंधी बांधलेलं कणीस बियाण्याचं, बाकी सगळं खायचं.

मी लातूरला शिकवणी वर्गात भौतिकशास्त्र शिकवते, म्हणजे वर्षभर लोकांच्या मुलांवर ओरडते. दिवाळी झाली की मात्र मला आणि माझ्यासारख्या वीस-पंचवीस सुखवस्तू जिवांना मातीचा उमाळा येतो, आणि आम्ही सायकली काढून लातूर, उदगीर, देगलूर, नांदेड असे सहा दिवस छोटी सेंद्रिय शेतं बघत हिंडतो. घट्ट रंगीत कपडे, डोक्यावर टोप, मागे रशीदभाईंचा टेम्पो. हे उदगीरचे सायकल मिस्त्री आमचे पंक्चर काढतात आणि आमची बॅगाबोचकी वाहतात. शेताच्या बांधावर बसून साधेपणावर बोलण्याची आम्हाला भारी हौस. या फेऱ्यांची वर्णनं मी लिहिते, ती लोक वाचतात, आणि खोटं कशाला बोलू, ते मला आवडतं.

नरसामावशीचं शेत देगलूरच्या अलीकडे, रस्ता सोडून दोन कोस आत. स्वतःला सेंद्रिय वगैरे म्हणवून घेणं तिच्या गावीही नव्हतं. ‘आमी औषिद मारत न्हाई,’ एवढंच ती म्हणे, आणि तेही कुणी विचारलं तर. पासष्टी उलटलेली, काटकुळी, उन्हानं तांबूस झालेल्या डोळ्यांची ही बाई बोलण्यापेक्षा न बोलण्यातच अधिक रमलेली होती. पण त्या अबोलपणात रुसवा नव्हता, चूल विझल्यावरही बराच वेळ राहणारी ऊब होती. वीस गुंठ्यांत ती पिवळी ज्वारी पेरायची. तेलंगणातल्या माहेराहून लग्नात ओटीत आलेलं ते बी; माहेरच्या बोलीत ती त्याला पच्चजोन्न म्हणे. आजूबाजूला सगळं सोयाबीन झालं होतं, माहेरी कापूस शिरला होता, आणि त्या पिवळीला आता जगात एवढी एकच बाई उरली होती. मी हे तेव्हाच लिहिलंही होतं, फार सुंदर शब्दांत.

तिच्या घरात बियाण्याची दोन मडकी होती, राख आणि कडुनिंबाचा पाला घालून तोंड बांधलेली. एक येत्या पेरणीचं, दुसरं राखणीचं. एखादं साल बुडालं तर हात घालायला. एका वर्षी आम्ही चोवीस जण तिच्या अंगणात उतरलो, भाकरी खाल्ली, तोंडभर कौतुक केलं, आणि आमच्यातल्या कुणीतरी आठवण म्हणून मूठभर बी मागितलं. मागितल्यावर बी नाकारायचं नाही, ही तिकडची रीत. ती आत गेली आणि राखणीचं मडकंच उचलून घेऊन आली. मी आपलं वरवर म्हटलं, मावशी, सगळं नका देऊ.

‘घरच्या मडक्याला भुंगा लागंल,’ ती म्हणाली. ‘चोवीस घरात कसा लागंल?’

तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जो उजेड होता तो दानाचा नव्हता, हे मला नंतर कळलं. ती दान करतच नव्हती. आयुष्यभर तिनं बी असंच जपलं होतं, चार बांधांपलीकडच्या चार घरांत पेरून ठेवून. आपलं गेलं तर त्यांच्याकडून आणायचं, त्यांचं गेलं तर त्यांनी यायचं. ती चार घरं एकेक करून सोयाबीनकडे गेली होती, आणि आज एकदम चोवीस घरं तिच्या दारात आली होती. बी उघड्या हातावर द्यायचं नाही म्हणून तिनं आम्हाला फडकी पुढे धरायला लावली. कुणी रुमाल धरला, कुणी टोपी. प्रत्येकाच्या डोळ्यांत बघून ती एकच वाक्य म्हणत होती, ‘पेरा. माझं बुडालं तर मागाया येईन.’

आमच्यात हैदराबादचे होते, मुंबईचे होते. त्यांना तिची बोली उमगेना. काय म्हणतायत, त्यांनी मला विचारलं. आणि मी, जी वर्गात मुलांच्या एका चुकीच्या चिन्हावरून आकाशपाताळ एक करते, मी म्हणाले, ‘आशीर्वाद म्हणून जपून ठेवा म्हणतात.’ का म्हणाले? तसं छान वाटलं म्हणून. मागायला येईन हे शब्द त्या सोनेरी सकाळीत जरा टोचत होते. सगळ्यांनी हात जोडले, काहींचे डोळे भरून आले, आणि तिला वाटलं, यांनी कबूल केलं.

एकट्या रशीदभाईंनी फडकं पुढे केलं नाही. ‘मावशी, मला जमीन न्हाई,’ ते म्हणाले. ‘मी घेतलं तर मरून जाईल ते.’ तिनं त्यांच्याकडे फार आदरानं पाहिलं. जमीन माझ्याकडेही नव्हती. मी घेतलं.

पुढच्या भाद्रपदात पाऊस लागला तो थांबेचना. पंधरा दिवस आभाळ खाली आलेलं, कणसात दाणे भरत आलेले, आणि दाणा ताटावरच काळा पडला, काहींना तर कणसातच मोड फुटले. तिचं शेत उभ्या उभ्या कुजलं. दसऱ्याच्या सुमारास देगलूरच्या बाजारात तिनं रशीदभाईंना गाठलं आणि निरोप दिला, ताईला म्हणावं, बी लागतंय, सगळ्यांचं नको, चार-पाच जणांचं दिलं तरी भागंल. तिच्या आवाजात काळजी नव्हती म्हणे. तिनं ठेव ठेवली होती, ती मागत होती.

मी सगळ्यांना फोन केले. कुणाकडे ते काचेच्या बरणीत दिवाणखान्यात मिरवत होतं आणि भुंग्यांनी त्याचं पीठ केलं होतं. कुणाच्या कामवाल्या बाईनं केरात टाकलं. एकीनं कुंडीत लावलं, वीतभर आलं आणि तिच्या परदेशवारीत वाळलं. दोघांनी लाह्या केल्या. एकानं बाल्कनीत कबुतरांना घातलं आणि मला हसत सांगितलं. काही जणांना तर कुठलं बी, हेही आठवेना. माझं? मी घर रंगवायला काढलं तेव्हा ती पुरचुंडी कुठे गेली, मला आजही सांगता येत नाही. चोवीस घरांत मिळून एक दाणा निघाला नाही.

आणि मग मी जे केलं ते ऐका. पुण्यातल्या एका आरोग्यदायी धान्याच्या दुकानातून पाच किलो पिवळी ज्वारी मागवली, पाकिटं फोडून जुन्या धोतराच्या फडक्यात बांधली, गाठही गावाकडच्यासारखी मारली, आणि दिवाळीनंतरच्या फेरीत तिच्या पुढ्यात ठेवली. ‘मावशी, तुमचं बी.’ बरोबर यंदाची सगळी नवी मंडळी होती.

तिनं गाठ सोडली. एक दाणा नखानं उलटा केला, डोळ्याजवळ नेला, दाताखाली धरून फोडला. अंगणात सायकली लावल्याचे आवाज येत होते. ती माझ्याकडे न बघता हळू बोलली, माझ्यापुरतं.

‘ही खायची हाय. मशिनीवर घासल्याली. उगवायची न्हाई.’ फडक्याची गाठ परत बांधत तिनं विचारलं, ‘सगळ्यायचंच गेलं?’

मी मान हलवली. ती उठली, ते गाठोडं गिरणीवरून दळून आणलं आणि त्याच्याच भाकरी थापल्या, एकामागून एक, पंचवीस माणसांना पुरतील इतक्या. तव्यावर टम्म फुगणाऱ्या भाकरीकडे ती तशीच बघत होती जशी नेहमी बघायची. मंडळी जेवली. हीच ती खरी जुनी चव, ही शहरात मिळत नाही, असं दोघा-तिघांनी डोळे मिटून सांगितलं. मीही खाल्ली. गिळली.

जेवणं झाल्यावर एक तरुण डॉक्टर टोपी पसरून तिच्यासमोर उभा राहिला. माझं लिखाण वाचून आला होता तो. मूठभर बी द्या मावशी, म्हणाला.

‘माझ्यापाशी न्हाई, बाबा,’ ती म्हणाली आणि माझ्याकडे बोट केलं. ‘या ताईकडं ठेवायला दिलंय समदं. त्यांना माग.’

त्यात टोमणा असता तर मी सोसला असता. पण तिनं ते साधेपणानं, पाहुण्याला पाण्याचा रांजण दाखवावा तसं सांगितलं, आणि तो डॉक्टर हसतमुखानं टोपी घेऊन माझ्याकडे वळला.

पुढल्या मृगात तिनंही सोयाबीन पेरलं. काळ सगळं विसरायला लावतो म्हणतात. माझ्यावर त्यानं एवढीच मेहेरबानी केली, की त्या दाण्याच्या पिवळ्या रंगाची नेमकी छटा माझ्या आठवणीतून पुसून टाकली. आता ती या पृथ्वीवर एका बाईच्या डोळ्यांत तेवढी शिल्लक आहे, आणि त्या बाईला अलीकडे कमी दिसतं.