पंचेचाळीस पट्ट्या

विद्याश्री मूळची नेसरीची. पुण्याला शिकली आणि २००८ साली कोल्हापुरात आली ती एक नवीच विद्या घेऊन. कॉम्प्युटरवर वाकडी रेघ काढायची, तिच्यावर पट्ट्या उभ्या करायच्या आणि प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीपेक्षा थोडी जास्त वळवत न्यायची. उचगावच्या हंबीररावांना बंगल्याच्या गोल गॅलरीला तसलंच रेलिंग पाहिजे होतं. रस्त्याकडं पट्ट्या उघड्या, आणि शेजारच्या विठाबाईंच्या खिडकीशी येईस्तोवर पार मिटलेल्या. विठाबाईंची नजर कसली, हे उचगावात कुणाला सांगायला नको.

आधी एकतीस पट्ट्या होत्या. दर पट्टीला तीन अंश वाढवले की शेवटची बरोबर नव्वदला मिटायची. मग हंबीररावांनी गॅलरी वाढवली. विद्याश्रीनं एकतीसचे पंचेचाळीस केले, पट्ट्या रेघेवर आपोआप उभ्या राहिल्या, आणि ती खूश झाली. तिनाचा आकडा कमी करायचा राहूनच गेला. तशीच कोनांची यादी छापून तिनं वेल्डिंगवाल्या केरबामामांच्या हातात ठेवली. मापाचं काम असलं की उचगावात केरबाचंच नाव निघायचं. त्यानं एकेक पट्टी कोन मोजून जोडली.

वास्तुशांतीला पंगत बसली आणि घोटाळा दिसला. पट्ट्या एकतिसाव्या जागी मिटल्या होत्या, पण पुढच्या चौदा परत उघडत गेल्या होत्या. फटीतनं विठाबाई दिसल्या.

"हंबीरराव, बासुंदी दाट झालीया की," त्या खिडकीतनंच म्हणाल्या. सगळी पंगत हसली.

हंबीररावांचं डोकं सणकलं. "केरबा, डोळं फुटलं व्हय रं तुझं?"

"कागदावर हाय तसंच केलंय, मालक." केरबानं खिशातनं यादी काढली. "बघा की, बाई."

शेवटच्या ओळीत नव्वदऐवजी एकशे बत्तीस अंश होते. विद्याश्रीला तिथंच सगळं कळलं. पन्नास माणसं तिच्याकडं बघत होती आणि हे तिचं पहिलंच काम होतं. तिनं कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली.

"कागद बरोबर आहे," ती म्हणाली.

"मग माझंच चुकलं," केरबा म्हणाला. "दोनदा मोजलंतं, तरी चुकलो."

दोन दिवसांनी तिनं गुपचूप केरबाला दुरुस्त केलेली दुसरी यादी दिली. वर म्हणाली, "या वेळी अक्षरं मोठी केलीत, मामा." हे आपण कसं बोललो, याची तिला पुढं कितीतरी दिवस शिसारी येत राहिली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं. कुणी केरबाचं नाव काढलं की तिचे कान तापायचे.

आठ महिन्यांनी नवं काम घेऊन ती त्याच्या शेडवर गेली. केरबा दारात बसून गज पुसत होता.

"मापाचं काम सोडलं मी," तो म्हणाला. "माझ्या डोळ्यांचा मलाच भरवसा न्हाय, बाई."

मग तिला राहवलंच नाही. "तुमचं चुकलं नव्हतं, मामा. कागदच चुकीचा होता. मला तिथंच कळलं होतं."

केरबानं हातातला गज खाली ठेवला. मग आत बघून बायकोला म्हणाला, "ऐकलंस का गं? मी बरोबर मोजलंतं." त्याचा चेहरा इतका उजळला, की विद्याश्रीला मान वर करवेना. त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याची बायको चिमणाबाई बाहेर आली. तिनं चहाचा कप विद्याश्रीच्या हातात दिला.

"पन्नास माणसांत ह्येंची लाज काढलीसा," ती शांतपणे म्हणाली, "आणि खरं सांगताय आमा दोघांपुढं? सोमवारी हंबीररावांच्या नातवाचं बारसं हाय. तीच माणसं जेवायला येणार. याल न्हवं?"

"येते," विद्याश्री म्हणाली. पण म्हणताना तिनं नजर खाली केली, आणि चिमणाबाईनं ते बघितलं.