धूर कुठे जातो

फर्डिनंडने पान्याने तिसरा प्लग सोडवून बाहेर काढला आणि त्याचं तोंडच उतरलं. परवाच घासून लख्ख केलेला प्लग पुन्हा काळाकुट्ट आणि ओला! भुईगावच्या त्याच्या वाडीत, केळीच्या सावलीला उभी असलेली बापाच्या वेळची मोटार लंगडत होती, आणि उद्या लेकीचं, मर्लिनचं लग्न.

"पेट्रोल जास्त येतंय, दुसरं काही नाही," तो शेजारच्या थॉमसला म्हणाला.

थॉमसने प्लगवरचा ओलावा दोन बोटांत चोळला. "पेट्रोल एव्हाना उडालं असतं. हे बघ, कसं बुळबुळीत आहे. पिस्टनच्या रिंगा गेल्यात बाबा. इंजिन तेल पितंय."

"मग धूर कुठाय?" फर्डिनंड उसळला. "तेल जळलं की निळा धूर निघतो. मघाशी चालू होती तेव्हा मागे धुराच्या नळीपाशीच होतास ना तू. निघत होता?"

थॉमसने मान हलवली. "नव्हता निघत. पण मग जातो कुठे? तेल पिते आणि धूर पोटात ठेवते की काय तुझी म्हातारी?"

दोघेही हसले. खरं तर फर्डिनंडला सगळं कळत होतं. उगाच त्याला मूर्ख म्हणू नये. पण रिंगा बदलायच्या म्हणजे इंजिन खोलायचं, आणि लग्नाला मोटार नाही. याच मोटारीतून त्याची बायको एमिली नवरी होऊन चर्चला आली होती. ती गेली तेव्हा तिचा हात धरून त्याने शब्द दिला होता, मर्लिनही यातूनच जाईल, आणि मी स्वतः नेईन. म्हणून त्याने प्लग पेट्रोलात बुडवला, तारेच्या ब्रशने खसाखसा घासला, पुसून परत बसवला. इंजिन सुरू झालं. आवाज थोडा फाटल्यासारखा येत होता, पण म्हाताऱ्या माणसाचा घसा बसतोच की!

खाऱ्या वाऱ्याने मोटारीच्या तळाचा पत्रा केव्हाच खाल्ला होता. मर्लिनचा पांढरा झगा भोकांत अडकू नये म्हणून त्याने गोणपाट टाकलं आणि वर लाल गालिचा अंथरला. मोटारीखाली वाकून बघायचं मात्र त्याच्या डोक्यात आलं नाही. आगाशीच्या बाजारातून मोटारीने येताना मर्लिनचं डोकं धरलं होतं, तेही त्याच्या बहिणीने, उर्सुलाने, हसण्यावारी नेलं होतं. लग्नाआधी पोरींची डोकी दुखतातच म्हणे.

सकाळी उर्सुला नवरीशेजारी मागे बसली आणि तिने काचा घट्ट वर केल्या. रस्त्याची धूळ उडून झगा मळायला नको, वाऱ्याने केस विस्कटायला नकोत. पोरीच्या पोटात रात्रीपासून अन्नाचा कण नव्हता. फादर म्हणत होते, तासाभराचा उपास पुरे. पण उर्सुलाच्या घरात जुनाच नियम चाले. ख्रिस्तप्रसाद घेईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही.

पुढे बँड, मागे मोटार. वाजवणारे रमतगमत चालले होते, आणि त्यांच्या पावलांनी मोटार मुंगीसारखी सरकत होती. ढोल आणि कर्ण्यांच्या गोंगाटात इंजिनाचा आवाज ऐकूच येत नव्हता. फर्डिनंडने आपल्या बाजूची काच उतरवून कोपर बाहेर काढलं होतं.

"पपा, गरगरतंय मला," मर्लिन म्हणाली.

"उपासाने होतं गो," उर्सुला म्हणाली. "आमच्या वेळी तर..." आणि ती सुरूच झाली. तिच्या लग्नात कोण रुसलं, कोणाचा बूट हरवला, सगळं पुन्हा एकदा.

फर्डिनंडने खिडकीबाहेरच्या आरशात पाहिलं. मागून वऱ्हाड मजेत चाललं होतं. बायका हसत होत्या, कोणी नाकाला रुमाल लावला नव्हता. धुराचा मागमूस नाही! थॉमसला आता चांगलाच चिडवतो, असं त्याच्या मनात आलं.

वळणावर बँड थांबला, घोळक्यात नाच सुरू झाला. मोटार जागेवरच धडधडत राहिली. अन् फर्डिनंडला काहीतरी चुकल्यासारखं वाटू लागलं. काय चुकतंय ते काही केल्या उमगेना. मग एकदम उमगलं. उर्सुला गप्प होती. चर्चच्या मिस्सेतही कुजबुजणारी उर्सुला, गोष्ट अर्धी टाकून गप्प!

पिते तेल. मग धूर जातो कुठे?

त्याने ब्रेक ओढला, उडी मारली आणि मागचं दार ओढून उघडलं. जळक्या तेलाचा उग्र भपकारा तोंडावर आला. गालिच्याच्या कडेने निळा धूर वर चढत होता. खालची धुराची नळी गंजून मधेच तुटली होती. उर्सुला खिडकीला टेकून घोरत होती. मर्लिनचं डोकं त्याच्या हातावर गळून पडलं.

"थॉमस! अरे धाव रे!"

दोघींना ओढून रस्त्यावर निजवलं. धुळीत, पांढऱ्या झग्यासकट. उर्सुला खोकली, ओकली. मर्लिन हलेना. फर्डिनंडने तिचे गाल थोपटले, हाका मारल्या, एमिलीला हाका मारल्या, देवाला मारल्या. नाच थांबला. बँड एकेक वाद्य करत बंद पडला.

किती वेळाने कोण जाणे, पोरीने खोल श्वास ओढला. डोळे किलकिले केले.

"पपा," ती म्हणाली, "चर्च आलं?"

फर्डिनंड साऱ्या गावासमोर हमसून हमसून रडू लागला. मागे उघड्या दाराची मोटार अजून धडधडत होती आणि तिच्या आतून धूर निघत होता.

"बंद करा रे तिला!" तो ओरडला. "कोणीतरी बंद करा!"