भागिरथाबाईचं निंदण

आमच्या धनजमध्ये निंदणाला, म्हणजे तण काढायला, बाया लावायच्या असल्या की आधी मला विचारतात. मी निंदलेल्या शेतात पीक सोडून बकरीलासुद्धा तोंड घालायला काही सापडत नाही. फुशारकी नाही, गावच सांगतं. "भागिरथाबाईचं निंदण" म्हटलं की पुढे बोलावं लागत नाही.

म्हणून गेल्या वर्षी काळविटांच्या अभयारण्यात गवताचं कुरण पुन्हा उभं करायचं काम निघालं, तेव्हा वनरक्षक प्रसेनजितने पहिला पट्टा मला दिला. धुऱ्यापलीकडचा, मधल्या बांधाच्या त्या बाजूचा, यास्मीनला. पट्ट्यांवर ना पाटी, ना खूण. ती कारंज्याची, नवऱ्याचं बांगड्यांचं दुकान. विळा कसा धरायचा तेही तिला मीच शिकवलं.

प्रसेनजितने बजावलं होतं, फक्त रायमुनिया, म्हणजे घाणेरीची झुडपं, आणि गाजरगवत काढा. पण पेरलेलं ते पीक आणि न पेरलेलं ते तण, हे मला जन्मापासून ठाऊक. त्याने पवन्या गवत पेरलं होतं. मी पवन्या ठेवला आणि बाकी सगळं उपटलं. यास्मीन चार झुडपं काढायची आणि धुऱ्यावर बसून गप्पा छाटायची. तिच्याकडे कुसळी गवत कमरेएवढं झालं.

आणि हरणीने पाडस दडवलं ते तिच्याच पट्ट्यात!

प्रसेनजित म्हणाला, "मावशी, पाडसाले आडोसा लागते. तुमच्या इथं तर उंदीरबी दडनार नाही." यास्मीनचा फोटो काढला, तोही दात काढून हसताना. माझा नुसता जळफळाट झाला. राबायचं मी आणि मिरवायचं हिने? "तिच्या आळसाले हरण भुललं," असं मी भेटेल त्याला सांगत सुटले. बोलणं कारंज्याच्या बाजारापर्यंत गेलं. जाऊ दे, मला बरंच वाटलं.

यंदा पाडस माझ्याच पट्ट्यात आलं पाहिजे, असं मी ठरवलं. रायमुनिया, गाजरगवत काढलं आणि विळा घरी खुंटीला टांगला. पण हात कुठे ऐकतात? येता-जाता वाकायचे. शेवटी मी तलावाच्या बाजूचं काम मागून घेतलं आणि पोळ्यापर्यंत पट्ट्याकडे फिरकलेच नाही.

पोळा झाल्यावर एका सकाळी कळलं, पाडस दिसलं. मी धावतच गेले. धुऱ्याजवळ प्रसेनजित, त्याचे साहेब आणि यास्मीन दबकून उभे होते. समोर उंच कुसळीत दोन कान हलत होते. माझ्याच पट्ट्यात!

"शाब्बास यास्मीनताई," प्रसेनजित हळूच म्हणाला. "यंदाबी तुमच्याकडंच."

"अरे, हा पट्टा माझा हाय," मी म्हटलं.

"कायले मजाक करता मावशी? तुमचा तो पलीकडचा. निंदणच सांगून राह्यलं कोनाचं हाय ते." साहेबही हसले.

मी पलीकडे पाहिलं. यास्मीनचा पट्टा चकाचक होता. मी तिला बाजूला ओढलं तर तिच्या तळहातांवर फोड दिसले.

"काहून केलं वं हे?"

"बाजारात सारे मले आळशी म्हनत होते. म्हटलं, एकदा तुमच्यावानी करून दाखवू."

"मंग सांग ना त्याले, कोनता पट्टा कोनाचा."

"सांगतो ना," ती म्हणाली. "पाडस तुमचं, निंदण माझं. सांगू?"

मी पुन्हा तिकडे पाहिलं. बोरीच्या बुडाशी, काट्यांत हात घालूनसुद्धा तिने काडी ठेवली नव्हती. बोरीखालचं तण मी कुठल्याच शेतात आजवर कधी काढलेलं नाही. इतक्या वर्षांत कोणाच्या ते ध्यानात आलं नाही, एवढंच. पाडसापायी जळले होते, त्याच्या दुप्पट आता जळले.

"मावशी, साहेब विचारून राह्यले," प्रसेनजितने हाक मारली. "तो निंदलेला पट्टा तुमचाच ना?"

यास्मीन माझ्याकडे पाहत होती.

"हो," मी म्हटलं. "माझाच."